मंदिराचं मागलं दार

कौसल्याचा थोरला भाऊ पुंजाराम रझाकारीच्या धामधुमीत मारला गेला, शहागडजवळच्या गोदाकाठच्या महादेव मंदिरात. तेव्हा ती नुकतीच सासरी आली होती. पुढं पुंजारामचा जिवलग दोस्त भुजंग तिच्या भावाच्या जागी उभा राहिला. दर भाऊबीजेला अंबडहून यायचा. तिच्या पोरीच्या लग्नात मामा म्हणून पाठीशी तोच होता. मंदिराचा विषय निघाला की म्हणायचा, "नको ताई, तुला बघवणार न्हाई. मी तिथं असतो तर त्याला हात लावू दिला नसता."

१९७३ साली, मराठवाडा मुक्तीला पंचवीस वर्षं झाली म्हणून, शहागडात स्वातंत्र्यसैनिक भुजंगचा सत्कार झाला. कौसल्या हट्टानं सोबत गेली. सत्कार आटोपल्यावर ती तडक मंदिराकडं निघाली. भुजंग मागोमाग आला, पण पायरीशीच थांबला.

आत काळ्या खांबांवर गोळ्यांनी उडालेले टवके होते. म्हातारी गुरवीण चतुराबाई ते दाखवत सांगू लागली.

"तिघं पोरं लपले होते बाई. पुढलं दार रझाकारांच्या धक्क्यानं बिलकुल हललं न्हाई. मंग मागलं दार आतूनच उघडलं. दोघं मेले, एक जित्ता गेला."

"एक कोण?"

"तो काय, हार घालून उभा हाय. तुमच्यासंगच आला ना? मी गोठ्यातून बघितलं होतं. तवाच गावात बोलले, पण माझं कोण ऐकतं?"

कौसल्या बाहेर आली. "दादा, तू आत होतास?"

भुजंगनं गळ्यातला हार काढला.

"ते म्हणले, दार उघड, कुणालाच मारणार न्हाई. मला खरं वाटलं गं."

"मंग मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर घरात घेतलं असतंस?"

"भेलास, दार उघडलंस. जीव कुणाला प्यारा न्हाई? ते एखादवेळी मी गिळलं असतं. पण दर साली मी भावाच्या नावानं रडायचे आन् तू माझे डोळे पुसायचास. ते कसं गिळू?"

सत्कारवाल्यांची जीप आली. "चल ताई," तो कसाबसा म्हणाला. ती हलली नाही. जीप एकट्या भुजंगला घेऊन गेली.

चतुराबाईनं तिला नदीच्या उतारावर नेलं. दोघांना तिथं जाळलं होतं. आता नुसतं गवत माजलेलं. कौसल्या बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. जे काही रडायचं होतं ते सगळं भुजंगच्याच खांद्यावर रडून झालं होतं.

"पुंजाराम, माझा भाऊ, कसा पडला ते सांगा," ती म्हणाली. "काही झाकू नका."

म्हातारी गुडघ्यावर हात टेकत तिच्याशेजारी बसली आणि सांगू लागली.