एकसष्ट जणी

१९९८च्या उन्हाळ्यात गंगापूर रोडच्या कडेला भाजी विकणाऱ्या बायकांना रोज एक माणूस दिसू लागला. हातात टेप, खिशात वही. टोपल्यांमधलं अंतर मोजायचा, ऊन कुठवर येतं ते टिपायचा.

"अतिक्रमणवाल्यांचा हाय," सायखेड्याहून पहिल्या एसटीनं येणारी कुसाबाई म्हणाली. "आज मोजून नेईल, उद्या गाडी आणील."

त्यानं नाव सांगितलं, मधुसूदन खैरनार. आर्किटेक्ट. "इथं तुमच्यासाठी मंडई होणार आहे. नकाशा मी करतोय."

कुणाचाच विश्वास बसला नाही. खैरनार दिसले की निम्म्या जणी टोपल्या उचलून मागच्या गल्लीत जायच्या.

"रोज किती जणी बसता?" त्यांनी विचारलं.

"तीस," कुसाबाई म्हणाली. बसत होत्या एकसष्ट. थोड्या दिसलो तर कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही, असं तिला वाटलं.

मग त्यांनी शेजारी बसणाऱ्या नवसाबाईला विचारलं, "बाई, लघवीला कुठं जाता?" तिनं तराजूतलं किलोचं माप उचललं. खैरनार वही मिटून निघून गेले.

मंडई खरंच झाली, २००१ साली. उंच छत, खेळता वारा, मागं बायकांसाठी संडास आणि पाण्याचा नळ. पण ओटे तीसच, त्यांतला एक कुसाबाईला मिळाला. नवसाबाईसकट उरलेल्या एकतीस जणी बाहेर उन्हात, आणि सगळ्यांचा राग कुसाबाईवर.

खैरनार पाहायला आले तेव्हा ती समोर गेली. "साहेब, मी खोटं बोलले. एकसष्ट हाय आमी."

खैरनारांनी बाहेरच्या टोपल्या मोजल्या. मग म्हणाले, "गल्लीत टोपल्या दिसायच्या मला. विचारायला हवं होतं."

मंडई अपुरी कशी पडली, याची चौकशी लागली. हा माणूस आता दोष आपल्यावरच ढकलणार, या धास्तीनं कुसाबाई चौकशीच्या दिवशी महापालिकेच्या कचेरीत गेली आणि दाराबाहेर बसली. आतून खैरनारांचा आवाज आला, "मोजणी माझी होती. चूक माझी."

ती उठून आत शिरली. "आकडा मी दिला व्हता!"

"बाई, बाहेर बसा," अधिकारी म्हणाला. कागदावर खैरनारांचंच नाव गेलं.

त्यानंतर त्यांना सरकारी काम मिळालं नाही. उरलेल्या जणींसाठी दुसरं छत २००४ साली त्यांच्याच नकाशावर उभं राहिलं, पण पाटीवर नाव दुसऱ्याचं लागलं. खैरनार उद्घाटनाला आले नाहीत.

कुसाबाईनं पहिल्या छताखालचा आपला ओटा नवसाबाईला दिला. स्वतः नव्या छताच्या टोकाला, दुपारचं ऊन येतं तिथं बसली.