मुंजाबाची तांबडी

"हात नगा लावू तिला!"

सरूबाई ओरडली, तसा तिचा नवरा मुंजाबा फडकं हातात घेऊन जागीच थबकला. खुलताबादच्या माळावर त्यांच्या मेंढरांचा तळ पडला होता. तांबडी घोडी बाभळीला बांधलेली. तिच्या एका नाकपुडीतून पिवळा, चिकट शेंबूड गळत होता. मागच्या मांडीच्या आतून ओळीनं गाठी उठल्या होत्या, त्यातली एक फुटली होती.

"सर्दी हाय. उतरंल," मुंजाबा म्हणाला.

"सर्दीनं गाठी येत्यात व्हय? मेंढरास्नी लस टोचायला आलेला डॉक्टर काय म्हनला व्हता? असं जनावर दिसलं की लगीच कळवा. मानसालाबी लागतंय त्ये."

मुंजाबाला आठवत होतं. पुढचंही आठवत होतं. रोग निघाला तर घोडी मारावी लागते. त्यांचा सारा संसार तांबडीनंच पाठीवर वाहिला होता.

तो हळूच म्हणाला, "लासूरच्या बाजारात इकून टाकू. कुनाला कळतंय?"

सरूबाईनं आपल्या हाताकडं पाहिलं. कालच नात तांबडीच्या पाठीवर बसून हिंडली होती. सकाळी सरूबाईनं स्वतः घोडीचं नाक उघड्या हातानं पुसलं होतं, आणि बोटावर विळ्याचा ताजा काप होता.

"जो घिऊन जाईल, त्याच्या घरीबी लेकरं असतील," ती म्हणाली आणि तिनं फोन लावला.

संभाजीनगरहून डॉक्टर आले. हातमोजे, तोंडाला मास्क. त्यांनी घोडीचं रक्त घेतलं, "ग्लँडर्स वाटतोय, घोड्यांचा साथीचा रोग" म्हणाले. घरच्यांनाही सरकारी दवाखान्यात तपासलं. मग नुसती वाट पाहणं. सरूबाई घडीघडी नातीच्या कपाळाला मनगट लावी. उन्हानं तापलेलं कपाळही तिला तापाचं वाटे. भाकरी थापताना बोट ठणकलं की हात तिथंच थांबे. मुंजाबा तर तिच्याशी बोलेनासाच झाला.

माणसांचे रिपोर्ट चांगले आले. घोडीचा नाही.

खड्डा खोदला, चुना आणला. डॉक्टर सुई भरून पुढं झाले, तशी तांबडी बिथरली. दोर ताणून लाथा झाडू लागली. कुणाला जवळ जाता येईना.

मुंजाबाला लांब उभं केलं होतं. "सायेब, जरा थांबा," तो म्हणाला. ओझं लादताना तो रोज करायचा, तसा त्यानं जिभेनं टक् टक् आवाज केला.

तांबडीनं कान टवकारले. मान खाली घातली आणि पाठीवर ओझं घ्यायला ती शांत उभी राहिली.