येणाऱ्या मुलीची भिंत

लहान मुलांशी खोटं बोलायची वेळ आलीच, तर एक पथ्य पाळावं. त्या खोट्यात दुसरं मूल घालू नये. मोठ्या माणसांबद्दल काहीही सांगा, मुलं कान देत नाहीत. पण आपल्याएवढ्या मुलाचं नाव निघालं की त्यांची चौकशी संपत नाही. मुंगीच्या आईला एवढी साधी गोष्ट कळू नये याचं नवल वाटतं. कारण बाई एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत मुकादम होती, आणि कुठला डाग कशाचा हे लांबून ओळखायची.

बेत तसा वाईट नव्हता. आईला एका प्रवासी जहाजावर लाँड्रीची मुख्य म्हणून नोकरी लागली होती. करार दोन वर्षांचा. मुंगीचे वडील कधीच वेगळे झाले होते आणि त्यांच्या नव्या संसारात तिची अडचणच झाली असती, म्हणून तेवढे दिवस तिने मावशीकडे राहायचं ठरलं. ठरलं म्हणजे दोघी बहिणींनी ठरवलं. मावशी घरं रंगवायची कामं घ्यायची. तिने मागच्या खोलीतल्या शिड्या आणि डबे बाहेर काढले आणि भिंती घासून ठेवल्या. आता मुंगीला आणायचं, तिच्याकडून रंग निवडून घ्यायचा आणि मग हळूच सांगायचं. स्वतः निवडलेल्या खोलीला पोर नाही कशी म्हणेल, असा आईचा होरा होता.

पण दारातच मुंगीने विचारलं, ही कुणाची खोली? आईची पाचावर धारण बसली आणि तोंडून भलतंच निघालं.

"मावशीकडे एक मुलगी राहायला येणार आहे. तुझ्याच वयाची."

मावशी डबा उघडत होती, ती थांबली. मुंगी चपला काढायला वळली तेव्हा ती बहिणीच्या कानाशी येऊन म्हणाली, "भिंतीच्या भेगा बुजवायला माझ्याकडे पुट्टी आहे. ह्याला काही नाही."

तरी तिने ते खोटं चालू दिलं. मोठी बहीण म्हणून तिला एवढं करावं लागलं.

फरशीवर अंथरायला मावशीने एक जुनी डबलबेडची चादर काढली. ती उघडायचं काम अर्थातच मायलेकींचं. घरी त्यांचा हा रोजचा खेळ होता: दोन टोकं आईची, दोन मुंगीची, चादर ताणायची, एकदा हवेत फुगवायची, आणि घडी घालताना चालत समोरासमोर येऊन नाकाला नाक लावायचं. नाक लागलं नाही तर घडी धरायची नाही, असा मुंगीचाच कायदा. आजही तिने चादर नेहमीपेक्षा उंच फुगवली. आईला हसू आलं, आणि लगेच आपण हसलो याची लाज वाटली.

मावशीने खाटेच्या बाजूला भिंतीवर तीन ठिकाणी वहीच्या पानाएवढे रंग लावले: निळा, फिकट हिरवा आणि पिवळा. आता वाळेपर्यंत थांबायचं, असं तिने मुंगीला बजावलं. ओल्या रंगावर आणि गोड बोलणाऱ्या गिऱ्हाइकावर तिचा भरवसा नव्हता. दोन्ही वाळल्यावर वेगळेच निघतात.

मुंगीने उपडी बादली ओढली, तिच्यावर बसली आणि येणाऱ्या मुलीची माहिती काढायला लागली. असं तिला कुणी काम सोपवलेलं नव्हतं, पण जबाबदारी अंगावर घ्यायची तिला हौस. ती मुलगी अंधाराला घाबरते का? थोडीशी, आई म्हणाली. तिला दूध आवडतं का? नाही, साय आली की अजिबात नाही. मुंगीला हे फार पटलं. मुलगी समजूतदार दिसतेय, असा शेरा तिने दिला. मग तिने विचारलं, तिची आईपण येणार आहे का राहायला?

आई म्हणाली, नाही, तिच्या आईला कामासाठी लांब जायचंय.

"मग निळा नको," मुंगी म्हणाली. "पिवळा दे. खाट इथे आहे ना, म्हणजे ती भिंतीकडे तोंड करून झोपणार. रडू आलं की मीपण तशीच झोपते. तेव्हा समोर निळं असलं की अजून वाईट वाटतं."

घरी मुंगीच्या खाटेजवळची भिंत निळी होती. तो रंग आईने निवडला होता, मुंगी चालायला शिकत होती तेव्हा. पोर भिंतीकडे वळली की झोप लागली, असं समजून ती रोज दिवा मालवायची आणि हलक्या पावलांनी निघून जायची. आपण किती वेळा अशा निघून गेलो, असं तिच्या मनात आलं.

पोटासाठी जावं लागतंय, असं म्हणायची सोय असती तर किती बरं झालं असतं. तशी सोय नव्हती. हॉटेलातली नोकरी चालू होती, दोघींचं नीट भागत होतं. तिला जायचं होतं. ते जहाज बघायचं होतं, समुद्रावर सकाळी उठायचं होतं, स्वतःच्या हाताखाली माणसं हवी होती. नेमणुकीचं कळलं त्या दिवशी ती लाँड्रीतल्या कपड्यांच्या ढकलगाड्यांमागे जाऊन लहान मुलीसारखी नाचली होती. नाचताना तिला मुंगी आठवलीच नव्हती, आणि हे तिने बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

"पण तिला विचारलंय का?" मुंगी म्हणाली.

"कुणाला?"

"त्या मुलीला. तिच्या आईने. मी जाऊ का, असं."

मावशीने ब्रश उचलला आणि तो धुवायच्या निमित्ताने ती बाहेर गेली. ब्रश स्वच्छच होता.

मग आईने सांगितलं. जहाज, करार, दोन वर्षं, सुट्टीत येणं, रोजचा फोन, सगळं एका दमात. ऐकता ऐकता मुंगीचे कान लाल झाले.

"म्हणजे ती मुलगी मीच," ती म्हणाली.

"हो गं."

"आणि आता तू मला विचारतेयस, की सांगतेयस?"

विचारतेय असं म्हणणं सोपं होतं. पण सह्या झालेल्या होत्या, गणवेशाची मापं पाठवलेली होती, आणि आज पुरेसं खोटं बोलून झालं होतं.

"सांगतेय," आई म्हणाली.

मुंगीने मान हलवली. लाँड्रीतल्या बायका रजा नाकारल्यावर हलवतात तशी.

"मग भिंतीचं मी सांगते. पिवळा नको."

आई घाईघाईने म्हणाली, हिरवा देऊ, गुलाबी देऊ, तू म्हणशील तो देऊ.

"कुठलाच नको. तो रंग मी तिच्यासाठी निवडला होता. भिंत अशीच राहू दे."

मावशी दारात येऊन उभी होती. तीन ठिगळं लावून भिंत सोडायची म्हणजे गिऱ्हाइकाला अर्धी दाढी करून उठवण्यासारखं. उभ्या जन्मात तिने असं केलं नव्हतं. तिने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा भाचीकडे, आणि रंगाच्या डब्यांची झाकणं लावायला बसली. राहू दे, ती म्हणाली, जिची खोली तिचा शब्द.

आता करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून आईने चादर उचलली, झटकली. सवयीने दोन टोकं हातात धरून ती उभी राहिली. चादरीची दुसरी बाजू फरशीवर पडलेली होती.

तिने वाट पाहिली. मुंगी बादलीवर बसली होती, भिंतीकडे तोंड करून.

लाँड्रीत आई असल्या चादरींची घडी एकटी घालायची, बोलता बोलता, न बघता. इथे तिने टोकं जुळवली, ती सुटली, पुन्हा जुळवली. शेवटी तिने चादरीचा बोळा केला आणि तो छातीशी धरून ती तशीच उभी राहिली. मुंगी उठली नाही.