पानं उलटणारी बाई

लोरांत केरेकेश यांनी पन्नास वर्षं समोर कागद न ठेवता पियानो वाजवला होता, आणि आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना पानं उलटायला माणूस हवं होतं. धंद्यातलं कुणी बोलावलं तर त्यांची स्मरणशक्ती दगा देते, याचा चार दिवसांत बोभाटा व्हायचा. म्हणून त्यांनी वरच्या मजल्यावरच्या सुकन्याला विचारलं. लेक मैत्रेयीच्या पियानोच्या शिकवणीला शेजारी बसून बसून तिला त्यांची स्वरलिपी वाचता येऊ लागली होती. शिवाय ती पुण्याच्या कीर्तनकार नागेशबुवांची मुलगी, पंधरा वर्षं वडिलांना पेटीची साथ केलेली. जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गमध्ये त्या विद्येला कुत्रं विचारत नव्हतं, त्यामुळे ती लगेच हो म्हणाली आणि झोप घालवून बसली.

"अगं, पानंच तर उलटायचीत," नवरा हृषिकेश म्हणाला. "कारखाना चालवायचाय का?" मैत्रेयीने मात्र जर्मनमध्ये बजावलं, की आई, स्वयंपाक करताना गुणगुणतेस तशी तिथे गुणगुणू नकोस, माझी लाज जाईल.

पण सुकन्याला भीती होती ती वेगळ्याच गोष्टीची. पहिल्या तालमीला केरेकेशांनी स्वरलिपीतल्या खुणा दाखवल्या. "ही दोन टिंबं आली की परत पहिल्यापासून. एकदाच. मग पुढचं पान. आणि शेवटी दोन रेघा, एक बारीक, एक जाड. तिथे संपलं." शेवटच्या रिकाम्या पानावर पेन्सिलीने तारखा होत्या. हा सोनाटा, म्हणजे ही मोठी रचना, मैफलीत वाजवून झाली की तारीख टाकायची, अशी त्यांची सवय. पहिली बुडापेस्टची, वयाच्या बाविसाव्या वर्षातली. मग देश सोडल्यावरचं म्युनिक, मग टोकियो, लंडन, पुन्हा बुडापेस्ट. अख्खा जन्म त्या पानावर होता. मग पियानोचं झाकण पुसत ते म्हणाले, "मी कुठे हरवलो तर मला खरं सांगा. माझा एजंट सांगणार नाही. माझ्या शिक्षकांना कुणीच सांगितलं नव्हतं. लोक टाळ्या वाजवत राहिले आणि पाठीमागे हसत राहिले."

"सांगेन," सुकन्या म्हणाली. बोलून तर बसली. पण याच बाबतीत ती एकदा नापास झाली होती.

रविवारी सकाळी अकराला सभागृह भरलं होतं. सुकन्या काळ्या कुर्त्यात त्यांच्या डावीकडे, जरा मागे बसली. तळहात इतके ओले, की पान बोटाला चिकटेल असं वाटावं. पहिली फेरी सुरळीत झाली. टिंबं आली, त्यांनी मान हलवली, तिने पानं मागे घेतली. दुसरी फेरीही झाली, पुन्हा टिंबं आली, आणि तिने पुढचं पान उलटलं.

केरेकेश परत पहिल्यापासून वाजवू लागले.

सुकन्याने पानाचा कोपरा धरला. समोर पान पुढचं, आणि हात तिसऱ्यांदा आरंभाला. मागे घ्यावं की तसंच ठेवावं? बहुतेकांना काही कळलं नव्हतं, पण पहिल्या रांगेतली एक बाई शेजारणीच्या कानाशी लागली. केरेकेशांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि तिला त्याचीच धास्ती वाटली. तिने पान हलवलं नाही. आता पाच मिनिटांनी टिंबं पुन्हा येणार, आणि हा माणूस चौथ्यांदा मागे गेला तर सारं सभागृह ओळखणार.

टिंबांच्या अलीकडे ती किंचित पुढे झुकली आणि पुढच्या भागाचा पहिला स्वर तिने गुणगुणला, हळू, नाकातून. बुवांना ओळ आठवेनाशी झाली की पेटीमागून द्यायची तसाच. केरेकेशांचा उजवा हात क्षणभर अधांतरी राहिला आणि मग त्या स्वरावर पडला. वादन पुढे सरकलं. उरलेली पानं तिने कशी उलटली, तिचं तिला ठाऊक.

"वुंडरबार, अप्रतिम," रंगमंचामागच्या खोलीत एजंट तीनदा म्हणाला. नोव्हेंबरातली इंगोलश्टाटची मैफल ठरल्यातच जमा आहे असं सांगून तो कॉफी आणायला गेला. केरेकेशांनी दार लोटलं.

"कितीदा?"

दोनदा, हे खोटं सुकन्याच्या ओठांवर आलं होतं. किती सोपं होतं ते. "तीनदा," ती म्हणाली.

ते खुर्चीत बसले.  "तो स्वर तुम्ही दिलात. कुठे शिकलात हे?"

"वडिलांना द्यायचे. शेवटची तीन वर्षं."

"आणि त्यांना सांगायचात?"

"नाही. छान झालं, बाबा, असंच म्हणायचे. मग एकदा सांगलीला भर कीर्तनात स्वर देऊनही त्यांना आठवेना. माणसं हसली. बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं."  आपण बाबांना फसवलं होतं, हे तिने आजवर हृषिकेशलाही सांगितलं नव्हतं.

केरेकेशांनी शेवटचं पान उघडलं. आजची तारीख लिहिली, पुढे बाड हॉम्बुर्ग लिहिलं आणि खाली एक बारीक रेघ ओढली.  बाहेर एजंटच्या कपबशा वाजल्या, तशी त्यांनी पेन्सिल तिच्यापुढे धरली.

"जाड रेघ तुम्ही ओढा," ते म्हणाले. "तो आत यायच्या आधी."