डोळे उघडायचा मान

बेसा वस्तीतल्या त्या गल्लीत दहा वर्षं शेजारी राहूनही, एखाद्या मयतीचे दिवस सोडले तर, माणसं एकमेकांना गाडीच्या नंबरावरून ओळखायची. चित्रकलेची शिक्षिका भूमिका तिथं राहायला आली आणि तिनं कमालच केली. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेली रिकाम्या प्लॉटची भिंत तिनं सगळ्यांकडून घासून घेतली, आणि महिनाभर दर रविवारी अख्खी गल्ली ब्रश घेऊन त्या भिंतीला भिडली. कुणी संत्र्याची बाग काढली, कुणी तलाव. कुणी पोहे आणले, कुणी शिडी. भांडणंही झाली, पण आता एकमेकांना नावानं हाक मारून झाली, हेही थोडं नव्हतं.

भिंतीच्या मधोमध विश्वनाथरावांचा चेहरा काढायचा, हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. वर्षापूर्वी ते गेले. गल्लीतले दिवे, नळाची लाइन, सारं त्यांनी खेटे घालून आणलेलं. शिवाय ती जागा नेमकी त्यांच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येत होती. त्यांच्या बायकोला, इंदुताईंना, रोज दर्शन घडेल. इंदुताई 'बरं' म्हणाल्या.

दुसरं काय म्हणणार? नवऱ्यानं त्यांच्यावर कधी हात उगारला नव्हता. तो फक्त बघायचा. बत्तीस वर्षं स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बघत बसला. फोडणीत तेल किती पडलं, बायको फोनवर किती वेळ हसली. बोलायचा नाही, नुसते डोळे बारीक करायचा, की इंदुताईंच्या हातातलं काम चुकायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच; पण दिवा साऱ्या गल्लीचा असला तर अंधार दाखवायचा कुणाला? तो गेल्यावर वर्षभरात इंदुताई ओट्याशी गुणगुणायला शिकल्या होत्या. तेवढंच त्यांचं होतं.

शेवटच्या रविवारी चेहरा पुरा झाला, डोळे सोडून. तो रंगवणारा अनंत चितारओळीत मूर्ती रंगवून तयार झालेला. त्यानं ब्रश इंदुताईंपुढे धरला.

"काकू, आमच्यात डोळे शेवटी उघडतात. घरच्या माणसाच्या हातानं झाले त बरं. मी आखून ठेवले, तुम्ही फक्त रंग भरा."

सगळी गल्ली गोल करून उभी होती. नाही म्हटलं तर लोक काहून म्हणून विचारणार, आणि तेरा दिवस घरी डबे पोचवणाऱ्या या भल्या माणसांना त्याचं उत्तर द्यायची इंदुताईंची हिंमत नव्हती. त्यांनी ब्रश घेतला, अनंतची आखणी सोडली आणि कातडीच्या रंगानं दोन्ही पापण्या खाली ओढल्या. वर एकेक काळी रेघ. चेहरा निजला.

भूमिका हळूच म्हणाली की छान शांत दिसतात. अनंतला मात्र पटेना. डोळे मिटलेला माणूस तिरडीवर शोभतो, भिंतीवर नाही, असं त्याचं म्हणणं. मग पुण्याहून मुद्दाम आलेली लेक रितिका पुढे झाली. बापाची लाडकी ती. तिच्याकडे बघताना ते डोळे कधी बारीक झालेच नव्हते.

"आई, बाबांले झोपलेलं काहून काढलं? दे इकडे, मी करते."

"राहू दे, रितू," इंदुताई म्हणाल्या. "मले असेच पाहिजेत."

लग्न झाल्यापासून 'मले पाहिजे' असं त्या पहिल्यांदा म्हणाल्या. लेकीला वाटलं, आईचं दुःख अजून ओलंच आहे. तिचेही डोळे भरून आले. तिनं एका हातानं आईला जवळ घेतलं आणि दुसऱ्या हातानं तिच्या बोटांतून अलगद ब्रश काढून घेतला. अनंतनं पापण्यांवरून ओलं फडकं फिरवलं. पाच मिनिटांत रितिकानं काळा रंग भरला, अनंतनं बुबुळांवर पांढरे ठिपके दिले, आणि विश्वनाथराव खिडकीकडे बघू लागले.

टाळ्या पडल्या. इंदुताईंनीही वाजवल्या. भूमिकानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, आता बरं वाटते ना काकू?

"हो," इंदुताई म्हणाल्या. नवरा जिवंत असतानाही कुणी विचारलं की त्या हेच सांगायच्या.