कोटातला मार्सेल

डोळे दाखवायला जाते, असं घरात सांगून बार्बा मालगोर्न बोटीत चढली. कधी खोटं न बोलणारी बाई, पण त्या दिवशी इतकं सराईतपणे बोलली की सुनेने, सोआझिकने, वाटेत खायला पाव आणि खारं लोणी बांधून दिलं. बोट सुटल्यावर बार्बाने ती पुरचुंडी शेजारच्या बाईच्या पोरांना देऊन टाकली. सुनेच्या हातचं त्या दिवशी तिच्या घशाखाली उतरलं नसतं. पंधरवड्यावर सुनेचं दुसरं लग्न आलं होतं, आणि म्हातारी ते मोडायला निघाली होती.

आता लोक म्हणतील, काय खाष्ट बाई आहे. होतीच खाष्ट, नाही कोण म्हणतंय? पण आधी ऐकून तर घ्या. तिचा गुल्वेन तीन वर्षांपूर्वी स्पेनच्या किनाऱ्याजवळ जहाजाबरोबर बुडाला. प्रेत मिळालं नाही. फ्रान्सच्या पश्चिम टोकाकडच्या आमच्या वेसाँ बेटावर दर्यात गेलेल्यांची प्रेतं मिळतात कुठे! म्हणून आम्ही प्रोएला करतो. माणसाचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मबाप येऊन दार वाजवतो, ‘आज तुमच्याकडे प्रोएला आहे’ एवढंच म्हणतो, आणि देवळातल्या मेणबत्तीच्या मेणाचा बोटभर क्रूस टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवतो. तो क्रूस म्हणजेच प्रेत. त्याच्यापाशी रडायचं, जागायचं, सकाळी त्याला देवळात न्यायचं, पाद्र्याने मयताची प्रार्थना म्हणायची. एकदा का ते झालं की माणूस गेला. मग त्याच्या नावाने कोणी धक्क्यावर जाऊन उभं राहत नाही.

गुल्वेनच्या वेळी सोआझिक थांबूया म्हणत होती. हिवाळा सरू दे, काही कळलं तर कळेल. बार्बाने तिचं ऐकलं नाही. माझ्या पोराचा जीव पाण्यात भटकतोय आणि ही भवानी थांबा म्हणते, असं तिने चारचौघांत सुनावलं. नोव्हेंबरात सर्व संतांचा सण येतो, त्याच्या आत तिने धर्मबापाच्या मागे लागून प्रोएला करून घेतलं. आणि आता तीच सोआझिक दीपगृहावरच्या एका भल्या माणसाशी लग्नाला उभी राहिली, तर बार्बाच्या अंगाचा तिळपापड. इतकी का घाई आहे हिला, म्हणायची. घाई कोणी केली होती ते मात्र सोयीने विसरली.

अशात नोरे नावाचा आमचाच एक खलाशी सुट्टीवर आला. त्याने बार्बाला एकटीला गाठलं आणि टोपी हातात चुरगाळत सांगितलं, की काँकार्नो बंदरातल्या तटाच्या आत, कोटात, मी गुल्वेनला पाहिलं. हाक मारली तर बोळात शिरला. दारूत पाहिलंस का, असं तिने विचारलं. नाही म्हणाला, आणि रडला. बार्बाने त्याला गप्प राहायची शपथ घातली.

म्हातारीने वाटेत एकच गोष्ट घोकली. त्याचं डोकं फिरलं असेल, आठवण गेली असेल, लढाईनंतर किती जणांचं तसं झालं. आईला पाहिलं की येईल ठिकाणावर. दंडाला धरून बेटावर आणायचं, थेट देवळात उभं करायचं, मग बघू कोण लग्न करतं ते. पोर जिवंत आहे, या आनंदात सुनेची जिरवायचा आनंद इतका मिसळला होता की कुठला कुठे संपतो ते तिलाही सांगता आलं नसतं.

कोटात उन्हाळ्याची गर्दी होती. पुलावरून पॅरिसचे सुट्टीकर आत-बाहेर करत होते. वेशीत शिरताच हॅट घातलेल्या एका बाईने न विचारता बार्बाचा फोटो काढला. आमच्या बायकांचा काळा पोशाख आणि खांद्यावर मोकळे सोडलेले केस या लोकांना मौजेचे वाटतात. बार्बाने तिला आमच्या बोलीत अशी शिवी दिली की बाई हसून ‘आभारी आहे’ म्हणाली. घावनं विकणाऱ्या एकीला तिने बेटाकडच्या बोलीचा कोणी माणूस इथे आहे का, असं विचारलं. तो मार्सेल होय, ती म्हणाली, तटावरून चालत जा, खाली होड्या खरवडायचं काम करतात तिथे असेल.

बार्बा पायऱ्या चढून तटावर आली आणि भिंतीवरून वाकली. खाली ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात एक मासेमारीची बोट कलती करून ठेवली होती. तिघे-चौघे तिचं बूड खरवडत होते. तिला शोधावं लागलं नाही. पाठमोरा होता, दाढी वाढली होती, एक खांदा उतरला होता, तरी तोच होता. तिने हाक मारली नाही. पण त्याने वर पाहिलं, हातातलं हत्यार खाली ठेवलं, आणि बराच वेळ ते उचललं नाही.

“आई,” तटावर येऊन तो हळूच म्हणाला, “इथे नको.”

म्हणजे डोकं फिरलं नव्हतं. आठवणही गेली नव्हती. बार्बाला तिथेच कळायला हवं होतं, पण आई ती आईच. तिला एवढंच ऐकू आलं, की तो आई म्हणाला.

तो तिला मागच्या बोळातून एका जिन्यावरच्या खोलीत घेऊन गेला. एक पलंग, चूल, खिडकीत वाळत घातलेलं बाईचं झंपर. बार्बाने झंपर पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तिने त्याचं तोंड चाचपलं, खांदा चाचपला. स्पॅनिश कोळ्यांनी आपल्याला उचललं, असं त्याने सांगितलं. हिवाळाभर तिकडच्या इस्पितळात होतो, खांदा तिथेच असा जुळला. फेब्रुवारीत आपल्या बेटापल्याडच्या ब्रेस्त बंदरात पोचलो.

“फेब्रुवारीत!” बार्बा म्हणाली. “मग घरी का नाही आलास? चल आता. ऊठ.”

“कुठे चल? कबरस्तानात?” तो म्हणाला. “पुरलंत ना तुम्ही मला.”

“मी पुरलं. सोआझिक नको नको म्हणत होती. तिचा काही दोष नाही, मी पुरलं.”

तीन वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. पुढे तो चिडेल, रडेल, तीही रडेल आणि मग दोघं निघतील, असं तिला वाटलं. तो चिडला नाही.

“बरं केलंस,” तो म्हणाला. “ब्रेस्तच्या धक्क्यावर आपलेच दोघे पीत बसले होते. मी शेजारच्या बाकावर. हाडांचा सापळा झालेला, ओळखलं नाही त्यांनी. गुल्वेनच्या प्रोएलाला सगळं बेट लोटलं होतं म्हणे. आधी मला भरून आलं. मग खरं सांगू? हलकं वाटलं. अंगावरचं ओलं घोंगडं कोणीतरी काढून घेतल्यासारखं. आता पुन्हा जहाज नको, चार दिवस घरी येऊन पुन्हा निघणं नको. बायको अनोळखी, पोर अनोळखी. आई, मला यायचंच नव्हतं. तू मला सोडवलंस.”

बार्बाला वाटलं, याच्या दोन थोबाडीत द्याव्यात. पण हात उचलेना. मी पाद्र्याकडे जाते, ती म्हणाली, सरकारात जाते, लग्न मोडते, तुला चारचौघांत ओढून नेते. पोरगी आहे रे तुझी, तिने सांगितलं. मोठी झाली असेल, तो म्हणाला, आणि खिडकीकडे बघत राहिला. तिचं नावसुद्धा घेतलं नाही.

“सांग सगळ्यांना,” तो शेवटी म्हणाला. “मी तरी यायचा नाही. रातोरात कुठेतरी निघून जाईन. मग सोआझिक ना विधवा, ना नवऱ्याची. बघ, तुला चालणार असेल तर.”

जिन्यावर लाकडी तळाच्या चपलांचा आवाज आला. गुल्वेनचा चेहरा असा उतरला की बार्बाला त्याची कीव आली. दारातून एक तरुण बाई आत आली. पोटुशी होती, चांगले दिवस भरत आले होते. अंगावर तारली मासे डब्यात भरण्याच्या कारखान्यातला एप्रन, त्यावर खवलं चिकटलेली, हात खारवणाने फुटलेले. तिने काळ्या पोशाखातल्या म्हातारीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“लेओंतीन, या बाई वेसाँहून आल्यात,” तो म्हणाला. “यांचा मुलगा माझ्या जहाजावर होता.”

बार्बा तोंड उघडायच्या आत लेओंतीनने तिचे दोन्ही हात धरले. बसायला तरी दिलंस का त्यांना, असं ती मार्सेलवर खेकसली. खुर्ची दिली, कॉफी गरम केली, स्वतः मात्र कमरेवर हात ठेवून उभी राहिली, कारण खुर्ची एकच होती. हा त्या जहाजाबद्दल चकार शब्द काढत नाही हो, ती सांगू लागली, झोपेत ओरडतो तेवढंच. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, “आता तरी बोल. एवढ्या लांबून आल्यात बिचाऱ्या. त्यांचा मुलगा कसा गेला ते सांग त्यांना.”

एका शब्दाचं काम होतं. हा माझा मुलगा, एवढं म्हणायचं. बार्बाने त्या पोरीच्या पोटाकडे पाहिलं, फुटलेल्या हातांकडे पाहिलं. तिच्या जिभेवर आलेला तो शब्द तिथेच राहिला.

मग गुल्वेनने गुल्वेन कसा मेला ते सांगितलं. जहाज एका बाजूला कललं, आम्ही दोघांनी एकच फळी धरली होती, पाणी बर्फासारखं होतं. त्याच्या शेजारी खरंच कोणीतरी तसं मेलं असणार, कारण सांगताना त्याचे ओठ थरथरत होते. बार्बा मान खाली घालून ऐकत होती.

“त्रास झाला का त्याला?” तिने विचारलं.

“नाही. आधी बोटं बधिर होतात. मग झोप येते.”

“काही बोलला?”

लेओंतीन डोळे पुसत होती.

“घरी जायचंय म्हणाला.”

तेव्हा बार्बा रडली. मेणाच्या क्रूसापाशी सगळं बेट बघत होतं म्हणून ती ताठ बसून राहिली होती. या परक्या खोलीत मात्र हमसून हमसून रडली, आणि लेओंतीन तिला पोटाशी धरून थोपटत राहिली, रडा बाई, रडून घ्या म्हणत राहिली. आतलं बाळ हललेलं बार्बाच्या गालाला जाणवलं. तिचा नातू किंवा नात.

“बायको होती त्याला?” थोड्या वेळाने लेओंतीनने विचारलं.

गुल्वेन श्वास धरून उभा होता.

“आहे,” बार्बा म्हणाली. “तिचं लग्न ठरलंय. माणूस चांगला आहे.”

“आणि तुम्ही लावून देताय? मोठं मन हो तुमचं,” लेओंतीन म्हणाली. “मेलेल्या माणसासाठी किती दिवस थांबायचं हो कोणी?”

बार्बाने कॉफी संपवली. पंधरवड्याने देवळात पहिल्या बाकावर बसायचं आणि पाद्र्याने काही हरकत आहे का विचारलं की गप्प राहायचं. हे पाप माहीत असून करायचं, आणि पापांची कबुली देताना त्याच पाद्र्याला कधी सांगायचंही नाही. तिने ते तिथेच मनाशी पत्करलं. दुसरा रस्ता नव्हता.

निघताना लेओंतीनने मार्सेलला बजावलं, की त्यांना वेशीपर्यंत सोडून ये. दोघं गर्दीतून चालत गेली, थोडं अंतर ठेवून. पुलावर पोचल्यावर तो थांबला. दोन्ही बाजूंना पाणी, सुट्टीकर सगळे घड्याळाच्या मनोऱ्याखाली फोटो काढण्यात गुंतलेले. त्यांचं बोलणं कानावर पडेल असं जवळपास कोणी नव्हतं. बार्बा वाट बघत उभी राहिली. एकदा, फक्त एकदा आई म्हणू दे.

“सांभाळून जा, बाई,” तो म्हणाला.

“जाते,” बार्बा म्हणाली. “तुमच्या बायकोला जपा.”