थॉर्नलीच्या सभागृहातले व्यासपीठ

मित्रांनो, मी एक जुने, ओकच्या लाकडाचे व्यासपीठ आहे. लँकेशायरमधल्या थॉर्नली या गिरण्यांच्या गावात, सभागृहाच्या कोपऱ्यात मी पडून असते. इतकी भाषणे अंगावर घेतली, की आता कुणी पायरीवर पाय ठेवला तरी शीण येतो.

इनॉक व्हिटलो या सुताराने मला घडवले. राजाचे चर्च त्याला मान्य नव्हते, म्हणून त्याच्या पंथाच्या लोकांना मोठ्या विद्यापीठांची दारे बंद होती. रंधा मारताना तो बायकोला म्हणे, "देवाचं आणि माझं काय ते आम्ही दोघं बघू. मध्ये राजाचा शिपाई कशाला?" उदारमतवाद हा शब्द त्याने ऐकलाही नव्हता. तो नुसता चिडलेला होता.

पुढे त्या चिडण्याला नाव मिळाले, पक्ष मिळाला. तेव्हा परदेशी गव्हावर जबर कर होता. जमीनदार खूश होते, आणि कामगाराच्या घरी पाव पुरत नसे. सायलस ऑर्मरॉड हा तरुण गिरणीमालक माझ्यावर उभा राहून ओरडला, "सरकारने हात आवरावा! धान्य मोकळं करा, धंदा मोकळा करा. माणूस आपलं आपण बघेल!" कर उठला त्या दिवशी लोकांनी त्याला खांद्यावर घेतले आणि बायकांनी मला हिरव्या फांद्या बांधल्या. एवढे कौतुक पुन्हा माझ्या वाट्याला आले नाही.

सायलस म्हातारा झाला. त्याच्याच गिरणीत नेली डकवर्थ या मुलीचा हात यंत्राच्या पट्ट्यात सापडून तुटला. भरपाई द्यावी असा कायदा नव्हता. सायलसची मुलगी एडिथ शाळेत शिकवी. नेली तिच्याच हाताखाली अक्षरे शिकली होती. एडिथने सभा बोलावली: असा कायदा करा, असा अर्ज संसदेकडे धाडायचा.

सायलस काठी टेकत वर आला. "करार दोघांनी राजीखुशीने केला होता. त्यात सरकारने नाक का खुपसावं?"

"राजीखुशीने?" एडिथ म्हणाली. "बाबा, घरी चूल थंड असताना ती नाही कशी म्हणणार होती? जिला नाही म्हणायची सोय नाही, ती मोकळी कसली?"

"आज भरपाई मागाल, उद्या सरकार तुमचं जेवणही ठरवेल!"

"ठरवू दे की, मालक," मागून एक विणकर ओरडला. "निदान जेवण तरी असेल!"

सभागृह हसले. मग हसण्याचा गोंगाट झाला. "बस खाली, म्हाताऱ्या!" दोघे तरुण पुढे धावले आणि त्यांनी सायलसच्या कोटाला हात घातला. काठी घरंगळली.

एडिथ मध्ये उभी राहिली. "सोडा त्यांना. त्यांचं चुकतंय, पण त्यांना बोलू द्या. त्यांना गप्प केलंत तर हा अर्ज मी फाडून टाकीन."

सायलस पूर्ण बोलला. कुणी टाळी वाजवली नाही. मग हात वर झाले आणि तो हरला. खाली उतरताना तो पुटपुटला, "माझं मत बदललेलं नाही."

"माहीत आहे, बाबा. सांभाळून, पायरी सैल आहे."

नंतर कायदे आले, म्हाताऱ्यांना पेन्शन आले, शाळेत गरीब मुलांना जेवण आले. सायलसचे वारस आणि एडिथचे वारस, दोघेही स्वतःला उदारमतवादी म्हणवत भांडत राहिले. आता तेही येत नाहीत. जे कुणी येतात, ते फक्त आपल्याच मताच्या माणसांपुढे बोलायला. गेल्या वसंतात एका बाईने वेगळे मत मांडले, तर कुणीतरी ध्वनिक्षेपकच बंद केला. ती ओठ हलवत राहिली आणि मग उतरून गेली.

मित्रांनो, मला रंग नको, हार नकोत. वाटल्यास फळ्या काढून सरपणाला घ्या. पण जोवर मी उभे आहे, तोवर तुम्हाला न पटणाऱ्या माणसाला माझ्यावर चढू द्या आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत थांबा. मी थकले आहे, तरी तेवढे वजन अजून पेलेन.